दोन टॅब आणि दोन चुली

ग्रेवाल आंटींनी माझ्या देखत जसलीनच्या हातातली पेन्सिल काढून घेतली, तिच्या टॅबवर स्वतः एक रेघ ओढली आणि म्हणाल्या, "आहा! हे बघ, हे मला कळतं!"

टॅब माझ्याकडेही होता. माझ्या मांडीवर होता. कीबोर्डवाला. त्याला मागे एक टेकू असतो, त्यावर तो लॅपटॉपसारखा उभा राहतो. म्हणजे टेबलावर राहतो. ग्रेवालांच्या सोफ्यावर माणूस बसला की निम्मा आत जातो, तिथे टेकू टेकणार कशावर? मी एका हाताने टॅबचं डोकं धरून बसले होते. दुसऱ्या हातात आंटींनी आग्रहाने दिलेला लस्सीचा उंच ग्लास. आणि मघापासून माझ्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

मला काय वाटलं ते सरळच सांगते. जळले मी. अंगाचा नुसता तिळपापड झाला. ग्रेवाल आंटी माझ्या क्लायंट. त्यांच्या कोठीचा, म्हणजे बंगल्याचा, वरचा मजला मी केलेला, ग्रंथसाहिबाच्या पाठाची खोली मी केलेली. "मेधा जी आल्याशिवाय भिंतीला खिळा मारायचा नाही," असं त्या घरच्यांना सांगायच्या. आणि आता त्याच आंटी या कालच्या पोरीच्या खांद्याला खांदा लावून बसल्या होत्या.

मी इंटिरियर डिझायनर आहे. माहेर कोल्हापूर. मिस्टर केंद्र सरकारच्या नोकरीत, त्यामुळे आमचा संसार कायम खोक्यात भरायला तयार. बदलीवाल्या माणसाच्या बायकोचं करिअर म्हणजे दर गावाला पहिलीत नाव घालायचं. जबलपूरला जरा कुठे सिनियर झाले, तोवर भोपाळ. तिथे जम बसला, तर चंदीगड. इथे मात्र मिस्टरांना मुदतवाढ मिळाली आणि शेजारच्या मोहालीतल्या बत्रा सरांच्या फर्ममध्ये मी टिकले. फर्म लहान, पण काम भरपूर. सर 'डिझाइन हेड' अशी नवी जागा काढणार होते आणि त्या पाटीवर माझं नाव मी मनातल्या मनात केव्हाच रंगवून ठेवलं होतं.

तेवढ्यात जसलीन आली. वयाने माझ्या निम्मी. पंचकुलाला मावशी, झिरकपूरला चुलतभाऊ, पटियालाला आजोळ. कुठल्याही क्लायंटकडे गेलो की पाणी येईपर्यंत हिचं त्यांच्याशी नातं निघतं. मी इतकी वर्षं जे जीव तोडून मिळवलं, ते हिला जन्मतः मिळालेलं. वर स्वभाव चांगला. नसता तर माझी सोय झाली असती.

तर टॅब. आम्ही सगळे ऑफिसात मोठ्या कॉम्प्युटरवर काम करतो आणि क्लायंटकडे प्रिंट घेऊन जातो. सरांनी ठरवलं की आता टॅब घ्यायचे. दुकानदाराकडून दोन प्रकारचे टॅब ट्रायलला आणले. एक मला दिला, एक जसलीनला.

"ग्रेवालांच्या कामावर दोन्ही वापरा," सर म्हणाले. "जो कामाचा ठरेल तो सगळ्यांना. दोन प्रकार ठेवणार नाही. चार्जर वेगळा, पेन वेगळं, कोण निस्तरणार? आणि एक सांगून ठेवतो. ज्याचा टॅब ठरेल त्यालाच बाकीच्यांना शिकवावं लागेल. हेड कोणाला करायचं तेही मला त्यातूनच कळेल."

हे दोन प्रकार कसे, ते सांगते. माझा होता लॅपटॉपच्या जागी वापरायचा. दिसायला टॅब, पण आत पूर्ण कॉम्प्युटर. ऑफिसातलं ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर त्यावर जसंच्या तसं चालतं. मी एक भिंत काढली की ती किती फूट आहे, हे त्याला ठाऊक असतं. बोटानेही चालतो, पण सॉफ्टवेअरची बटणं माउससाठी केलेली. एवढीएवढीशी. एक दाबायला जावं तर शेजारची दोन दबतात. त्यामुळे शेवटी कीबोर्ड उघडावाच लागतो.

जसलीनचा होता चित्र काढणाऱ्यांचा. बोट आणि पेन्सिल हेच त्याचं मुख्य काम. कागदावर ठेवतो तसा तळहात काचेवर टेकला तरी चालतं, डाग पडत नाही. पेन्सिल दाबली की रेघ जाड, तिरकी धरली की शेडिंग. मांडीवर ठेवा, एकमेकांच्या हातात द्या, काही अडत नाही. पण आमचं मोठं सॉफ्टवेअर त्यावर पूर्ण चालत नाही. त्यातली रेघ ही नुसतीच रेघ. किती फूट, हे तिला विचारायचं नाही. थोडक्यात, तिचं ते चित्र आणि माझं ते ड्रॉइंग. मिस्त्री भिंत बांधतो ती ड्रॉइंगवरून, चित्रावरून नाही. हे मी सरांना सांगितलं होतं. दोनदा.

ग्रेवालांचं काम असं. कोठीच्या तळमजल्यावर एकच भलं मोठं स्वयंपाकघर. आंटींना दोन सुना. थोरली परमिंदर, धाकटी नवजोत. दोघींचं रोजचं काही ना काही चालायचं. आंटींनी एक दिवस जाहीर केलं की जेवायचं एकत्र, पण रांधायचं वेगळं. स्वयंपाकघराची दोन करायची, आणि माझ्या डोळ्यांदेखत करायची. "मी गेल्यावर या दोघी भिंत घालतील ती घराच्या मधोमध घालतील," त्या मला म्हणाल्या होत्या. "त्यापेक्षा चुली वेगळ्या करते. घर तरी एक राहील." मुलगे दोघे ट्रान्सपोर्टच्या धंद्यात. हा विषय निघाला की दोघांनाही एकदम फोन यायचा.

त्या पहिल्या बैठकीत जसलीनने मधोमध एक जाड रेघ ओढली, इकडे हिरव्या टाइल्स रंगवल्या, तिकडे निळ्या. टॅब घरभर फिरला. परमिंदरने त्यावर आपला ओव्हन काढला. नवजोतने फ्रीज काढला, तो फ्रीज कमी आणि कपाट जास्त दिसत होता, त्यावर सगळ्या खो-खो हसल्या. निघताना आंटी मला म्हणाल्या, "तुमचंही मशीन छान असेल हां, मेधा जी." ते 'असेल' माझ्या अजून लक्षात आहे.

घरी येऊन मी मुलीला सगळं सांगितलं. मी मराठीत सांगते, ती हिंदीत उत्तर देते, आमचं असंच चालतं. म्हटलं, "नुसती रंगपंचमी गं! एक माप धड नाही. असल्या खेळण्यावर घरं होतात का?"

ती फोनमधून मान वर न करता म्हणाली, "मम्मा, आप जल रही हो."

"जळू नको तर काय करू? ओवाळू?"

दुसऱ्या बैठकीची मी जय्यत तयारी केली. जागेची मापं घेऊन जसलीनची ती जाड रेघ माझ्या सॉफ्टवेअरमध्ये बसवली. आणि कोठीत शिरल्याबरोबर सोफ्याकडे न वळता सरळ डायनिंग टेबल गाठलं. टेबलावर माझा टॅब कसा ताठ उभा राहिला! दोन्ही सुना आल्या, आंटी चष्मा लावून बसल्या. मी भिंत दाखवली, ओट्याची उंची दाखवली, सांडपाण्याच्या पाइपचा कोपरा दाखवला. सगळ्यांचे डोळे माझ्या स्क्रीनवर. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. वाटलं, आता हिला दाखवतेच माझा टॅब काय करतो ते. म्हटलं, "आणि हे बघा, याला विचारलं की हा क्षेत्रफळसुद्धा सांगतो." एक बटण दाबलं. दोन्ही स्वयंपाकघरांच्या मधोमध ठळक आकडे आले.

नवजोतचं नऊ चौरस फूट जास्त होतं. पाइपच्या कोपऱ्याने परमिंदरची जागा खाल्ली होती.

मग परमिंदर म्हणाली, "नऊ?"

"भाभी, तो पाइप आहे ना..." नवजोतने सुरुवात केली.

"पाइप माझ्याच नशिबी का?" परमिंदर म्हणाली. "बारा वर्षं या घरात मी रांधलं. तू आलीस गेल्या लोहडीच्या सणाला!"

नंतरचं पंजाबीत आणि इतक्या वेगात झालं की मला निम्मंच कळलं. तेवढं पुरे होतं. शेवटी आंटींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "काम बंद," त्या म्हणाल्या. "दोन चुलीही नकोत आणि तुम्हीही नकोत."

बत्रा सरांच्या केबिनमध्ये माझी जी काही आरती झाली ती विचारू नका.

"मेधा जी, आकडा मागितला कोणी होता?"

"सर, आकडा खरा होता."

"खरा होता हो. पण मागितला कोणी होता? त्या पोरीच्या जाड रेघेत ते नऊ फूट सुखाने झोपले होते. तुम्ही त्यांना हलवून जागं केलंत."

"मग मिस्त्रीने जागं केलं असतं. भिंत उभी राहिल्यावर."

हे खरंच होतं आणि आजही माझं तेच म्हणणं आहे. सर म्हणाले, "ग्रेवाल गेले तर त्यांची अर्धी बिरादरी जाते आपल्या हातची. जसलीनला पाठवतो. तिने जमवलं तर काम तिचं. आणि पुढचं तुम्हाला कळतंच आहे."

कळत होतं. पाटीवरचं माझं नाव पुसायला फडकं आणलं होतं.

जसलीनने आंटींना फोन करून कशीबशी परवानगी मिळवली. जाण्याआधी माझ्याकडून दोन्ही बाजू इंचाइंचाने समान करून घेतल्या, त्यावरून आपल्या टॅबवर नवं चित्र काढलं. रंगसुद्धा दोन्हीकडे एकच ठेवला. गेली आणि तोंड पाडून परत आली.

"मेधा मॅम, मला कळतच नाही," ती म्हणाली. "आता तर एकदम बराबर केलंय. तरी परमिंदर भाभी म्हणते, नवजोतला काय हवं ते विचारूनच तुम्ही काढलंत. नवजोत म्हणते, भाभीने आरडाओरडा केला म्हणून तुम्ही माझी जागा काढून तिला दिलीत. बराबर म्हणजे बराबर ना? मग जळायचं कशाला?"

मी तिच्याकडे बघतच राहिले. या मुलीला आयुष्यात कोणाचा हेवा वाटलेलाच नाही, असं मला तेव्हा वाटलं. हिला कसं कळणार? ज्याच्या स्वतःच्या पोटात आग असते, त्याला दुसऱ्याकडचा धूर लवकर दिसतो. मला विचारा ना! जसलीनकडे काय आहे याचं मला दुःख नव्हतंच. तिला ते कोणीतरी दिलं, आणि मला दिलं नाही, याचं होतं. त्या दोघींचंही तेच. नऊ फूट गेले खड्ड्यात. देणारी आम्ही, म्हणून भांडण. देणारं कोणी मध्ये राहायलाच नको होतं.

आणि मला आमचा खरवस आठवला.

लहानपणी शेजारच्यांची म्हैस व्यायली की आमच्याकडे खरवसाचं ताट यायचं. मी आणि ताई, दोघींची मारामारी. आईने एक नियम घालून दिला होता. एकीने कापायचं, दुसरीने निवडायचं. आणि नंतर जी तक्रार करील तिचाही तुकडा दुसरीला जाणार. मी कापायला बसले की सुरी हातात आणि जीव मुठीत असायचा, कारण थोडं जरी इकडचं तिकडे झालं तर मोठं ताई नेणार. आई तिकडे निवांत दळण निवडत बसायची.

पण हा नियम माझ्या टॅबवर चालणार नव्हता. तिथे भिंत सरकवायची तर आकडा टाकावा लागतो, आणि आकडा टाकणार मी. म्हणजे पुन्हा देणारी मीच. सुनेच्या स्वतःच्या हाताने रेघ ओढली जाईल, पुसली जाईल, असं एकच यंत्र ऑफिसात होतं. आणि ते मला जसलीनकडून मागायचं होतं.

सकाळभर मी तिच्या टेबलाभोवती घिरट्या घातल्या. शेवटी म्हटलं, "जसलीन, तुझा टॅब एका दिवसासाठी देतेस?"

"घ्या ना मॅम!" तिने पेन्सिलसकट काढून दिला. वर म्हणाली, "चार्ज फुल आहे."

एक प्रश्न नाही, काही आढेवेढे नाहीत. मला इतका राग आला म्हणून सांगू! तिच्या जागी मी असते तर चार्जर हरवला म्हटलं असतं.

कोठीत मी सरळ सोफ्यावर बसले, खोल आत गेले, तरी टॅब मांडीवर व्यवस्थित राहिला. स्क्रीनवर रिकामं स्वयंपाकघर होतं. चार भिंती, पाइपचा कोपरा, गेटच्या बाजूची खिडकी, मागचं अंगण. मी आंटींना खरवसाचा नियम सांगितला. खरवस म्हणजे काय हे त्यांना सांगावं लागलं नाही, त्यांच्याकडे त्याला बौली म्हणतात. त्यांनी मान डोलावली. "परमिंदर थोरली. ती कापेल," त्या म्हणाल्या. "आणि नंतर जी तोंड उघडेल, ती आयुष्यभर माझ्या हातचं खाईल."

ही धमकी होती हे मला दोन्ही सुनांच्या चेहऱ्यांवरून कळलं.

परमिंदरने पेन्सिल घेतली. रेघ ओढली. पुसली. परत ओढली. पाइपचा कोपरा जिकडे, तिकडे जरा जास्त जागा दिली. मग शंका आली, पुन्हा पुसली. नवजोतकडे चोरून बघितलं. तिचा चहा गार झाला. एवढं काळजीपूर्वक माप माझ्या मिस्त्रीनेही कधी घेतलेलं नाही. शेवटी एक रेघ ठेवली आणि पेन्सिल खाली ठेवून म्हणाली, "आता मला कुठलंही चालेल."

नवजोतने क्षणभरसुद्धा विचार केला नाही. "हे माझं," म्हणून तिने गेटच्या बाजूवर बोट ठेवलं.

ते लहान होतं. नुसत्या डोळ्यांनीही दिसत होतं. पण त्याला खिडकी होती. गल्लीत कोण आलं, कोण गेलं, भाजीवाला आला का, सगळं तिथून दिसणार होतं.

परमिंदरचा चेहरा पडला. मोठं तिला मिळालं होतं, पाइपची भरपाई धरून मिळालं होतं. पण खिडकी गेली होती. तिने तोंड उघडलं, सासूकडे पाहिलं, आणि मिटलं. मला तिची इतकी दया आली की मी म्हटलं, "मागच्या अंगणाकडे आपण काचेचं दार करू. ऊन येईल." आंटी हसायला लागल्या, त्यांच्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, "मेधा जी, परवापासून मिस्त्री पाठवा. पक्का."

ऑफिसात मी काम परत आणलं म्हणून सरांनी सगळ्यांना समोसे खिलवले आणि खरवसाची गोष्ट माझ्याकडून दोनदा वदवून घेतली. मग मला आणि जसलीनला केबिनमध्ये बोलावलं.

"आता बघा," सर खुर्चीत रेलून म्हणाले. "दोन्ही टॅब घ्यावे लागणार, हे मला कळलं. घरी नेऊन दाखवायला तो, भिंत बांधायला हा. त्यामुळे काम दोघींत वाटायचं. आणि ते मी वाटलं तर एक जण माझ्यावर रुसणार. म्हणून मेधा जी, तुम्ही कापा. कामाचे दोन भाग करा. पेन्सिलवाला टॅब एका भागात, कीबोर्डवाला दुसऱ्यात. हेडची पाटी कुठल्या भागाला लावायची तेही तुम्हीच ठरवा. जसलीन निवडेल. नंतर तक्रार नाही."

मी मनात आईचं नाव घेतलं आणि डोकं चालवलं. जसलीनचा जीव त्या पेन्सिलीत. क्लायंट, गप्पा, रंग, लस्सी, हे सगळं तिला आवडतं. म्हणून तो सगळा गोडवा मी एका भागात घातला. दुसऱ्या भागात कीबोर्डवाला टॅब, मिस्त्री, प्लंबर, साइटवरची धूळ, चुकलेल्या मापांची बोलणी. आणि त्या रुक्ष भागाला, बिचाऱ्याला काहीतरी हवं म्हणून, हेडची पाटी लावली. आता ती पेन्सिल उचलणार आणि पाटी आपोआप माझ्याकडे राहणार. मला माझंच कौतुक वाटलं.

जसलीनने दोन्हीकडे एकदा पाहिलं. "मी कीबोर्डवाला घेते," ती म्हणाली.

माझ्या तोंडून निघून गेलं, "का?"

"मॅम, मी किती दिवस जळतेय तुमच्यावर!" ती लाजून हसली. "भिंतीबद्दल मिस्त्री मला कधीच विचारत नाहीत. म्हणतात, मेधा मॅडमना फोन लावा. मी नुसती चित्रवाली दीदी. मला तुमचं ड्रॉइंग शिकायचंय. पाटी नसती तरी मी हेच घेतलं असतं."

सर माझ्याकडे बघत होते. नियम माझा, कापलं मी. मी तोंड उघडलं आणि परमिंदरसारखंच मिटलं.

आज जसलीन डिझाइन हेड आहे. पेन्सिलवाला टॅब माझ्याकडे आहे आणि खोटं कशाला बोलू, वस्तू झकास आहे. क्लायंट माझ्या हातातून पेन्सिल काढून घेतात, मी काढू देते. ग्रेवालांच्या दोन्ही चुली पेटल्या. परमिंदर रोज दुपारी धाकटीच्या खिडकीशी चहा प्यायला जाते, असं आंटी सांगतात. पलीकडच्या टेबलावर जसलीनचा कीबोर्ड टकटकला की माझ्या पोटात अजून दुखतं. पण एवढं मात्र शिकले. ज्याचा हेवा करावा ते कधी ना कधी पदरात पडतं, तेव्हा हेवा करतानाच नीट निवडून करावा.